वरच्या मजल्यावरचा ॲक्सेस पॉइंट रोज संध्याकाळी जातो, नवीन घेऊ का?

अभ्यासिका_ताई:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आमची अभ्यासिका आहे, तीन मजले, बहुतेक पोरं एमपीएससीची. प्रत्येक मजल्यावर छताला एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा), तिन्ही तळमजल्यावरच्या ८ पोर्टच्या पीओई स्विचवर, म्हणजे नेटच्या केबलमधूनच पॉवरही देणाऱ्या स्विचवर. खालचे दोन व्यवस्थित चालतात, पण तिसऱ्या मजल्यावरचा संध्याकाळी सातनंतर हॉल भरला की जातो, ॲपमध्ये डिस्कनेक्टेड दाखवतो आणि तीन-चार मिनिटांनी आपला आपण परत येतो, असं दहापर्यंत चालू. सकाळी काही नाही. रिसेट केला, फर्मवेअर अपडेट केलं, चॅनल बदलला. बसवणारे म्हणतात बदलूनच टाका. दिवसभर काम करून येणाऱ्या पोरांना तेवढेच तीन तास मिळतात हो, आणि नेमकं तेव्हाच लेक्चर अडकतं. कुठला घेऊ?

वायरमन_मिरज:
ताई, खरेदीची घाई नको. तो परत आला की लगेच ॲपमध्ये त्याचा अपटाइम, म्हणजे किती वेळ सलग चालू आहे ते, बघा. दोन मिनिटं दाखवत असेल तर तो बंद पडून चालू होतोय, म्हणजे पॉवरचा प्रॉब्लेम. चार दिवस दाखवत असेल तर तो चालूच होता, फक्त नेटवर्क तुटलं, मग शोध वेगळीकडे घ्यायचा. आणि हे बघेपर्यंत कृपा करून रिसेट करू नका, पुरावाच पुसला जातो.

घाटावरचा:
आमच्या सोसायटीत दुसरा प्रकार होता. वायफाय फुल दिसायचं पण नेट नाही. एकाने जुना राउटर घरात लॅन पोर्टला जोडला होता आणि तोच सगळ्यांना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटत बसला होता, आमचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आणि फोनला यायचा १९२.१६८.०. तेवढं फोनमध्ये बघून घ्या. आणि फक्त ५ गिगाहर्ट्झच जात असेल तर चॅनल ३६ ते ४८ मध्ये ठेवा, ५२ च्या पुढच्या बऱ्याच चॅनलवर रडारचा सिग्नल सापडला की ॲक्सेस पॉइंटला जागा सोडावी लागते.

अभ्यासिका_ताई:
अपटाइम १ मिनिट ४० सेकंद!! आणि स्विचवर त्या पोर्टला १०० एमबीपीएस दाखवतंय, बाकी दोघांना १०००.

वायरमन_मिरज:
मग केबलच बघा. गिगाबिटला (१००० ला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणजे एखादी जोडी नीट लागलेली नाही. आता केबलचं टोक थोडं कापून आतली एक तार ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरी चकचकीत निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए केबल. तिचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा जास्त. साध्या पीओई पोर्टमधून १५.४ वॉट निघतात आणि टोकाला १२.९५ मिळतील असा हिशोब असतो, तोही चांगल्या तांब्याच्या केबलवर. सकाळी चार पोरं असताना भागतं, संध्याकाळी चाळीस फोन लागले की ॲक्सेस पॉइंट जास्त पॉवर ओढतो, व्होल्टेज पडतं आणि तो रिस्टार्ट होतो. खात्री करायची तर तो खाली आणून दोन मीटरच्या पॅचकॉर्डने (तयार छोट्या केबलने) त्याच पोर्टला जोडा आणि संध्याकाळी सगळ्यांना त्यावर बसवा.

अभ्यासिका_ताई:
दादा, तार आतून पांढरीच आहे. वरचा कनेक्टर काढला तर पिना हिरव्या पडलेल्या, गच्चीवरून पाणी झिरपतं तिथेच तो होता. खाली पॅचकॉर्डवर दोन संध्याकाळी एकदाही गेला नाही. म्हणजे आम्ही उगाच नवीन घेणार होतो. आता नवी केबल येईपर्यंत काय करू, परीक्षा जवळ आलीय.

वायरमन_मिरज:
टोक कापून नवीन कनेक्टर क्रिंप करा (दाबून बसवा) आणि तिसऱ्या मजल्यावरच्याच प्लगला पीओई इंजेक्टर, म्हणजे नेटच्या केबलमध्ये पॉवर सोडणारा अडॅप्टर, लावा, म्हणजे पॉवर फक्त शेवटचे दोन-तीन मीटर जाईल, लांब केबलवर नुसता डेटा. इंजेक्टर ४८ व्होल्टचाच घ्या, २४ व्होल्टचा पॅसिव्ह वेगळा असतो, तो नको. आणि प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरचा निवडा. कायमचं करताना प्युअर कॉपर कॅट ६, ओल्या भिंतीपासून लांब, लाइटच्या वायरिंगच्या पाइपात अजिबात नाही.

अभ्यासिका_ताई:
इंजेक्टर लावला. अपटाइम ५ दिवस ३ तास. काल एक मुलगा येऊन म्हणाला, ताई आज पूर्ण टेस्ट एका बैठकीत झाली. रविवारी नवा पाइप टाकून केबल ओढतोय, अंतर साधारण ६० मीटर आहे, चालेल ना?

वायरमन_मिरज:
आरामात, १०० पर्यंत चालतं. केबल ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी पाइपात सोडून ठेवा, पुढे दुसरी टाकायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही.