प्रतिसाद: केंट काउंटी कौन्सिल, मे २०२५

प्रश्न असा की इंग्लंडमधल्या केंट काउंटीच्या स्थानिक कौन्सिलच्या निवडणुकीत, सुमारे ३७ टक्के मतांत रिफॉर्म यूके या स्थलांतरविरोधी पक्षाला ८१ पैकी ५७ जागा कशा. इथे मतांच्या प्रमाणात जागा देणारी यादी पद्धत नाही, प्रत्येक विभागात ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो. उरलेली मतं चार पक्षांत फुटली, म्हणून तीस-चाळीस टक्के मतांतच जागा निघाल्या. १९९७ पासून सत्तेत असलेले कॉन्झर्व्हेटिव्ह ५ वर आले.

पण स्थलांतर हा काउंटीचा विषयच नाही, ते ब्रिटनचं केंद्र सरकार बघतं. इथे रस्त्यांचे खड्डे, शाळा, वाचनालयं आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे वृद्ध-अपंगांची देखभाल. घरोघरचा कचरा उचलतं डिस्ट्रिक्ट (काउंटीखालची स्थानिक कौन्सिल), विल्हेवाट लावते काउंटी. कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, वर्षाला ४.९९ टक्क्यांपुढे वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. देखभालीचा खर्च मोठा आणि कर वाढवण्यावर ही मर्यादा, म्हणून करकपातीच्या घोषणा नेमक्या इथेच अडतात.