नवी ऑपरेटिंग सिस्टिम आधी छोट्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर) वापरून बघावी आणि मग हलवावी, की सरळ पुन्हा टाकावी?

वाचनालयवाला (रामबाग, इंदूर)

आमच्या मंडळाच्या वाचनालयात कॉम्प्युटर एकच. २०१४चा, चौथ्या पिढीचा आय-३, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. पुस्तकांची देवाणघेवाण नोंदवायला नवीन मशीन घेणं मंडळाला परवडणारं नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. म्हणून लिनक्स मिंट २२ ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची ठरवली. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवी सिस्टिम पहिल्याच दिवशी कायमच्या जागेवर टाकू नये. आम्ही विंडोजमधूनच डी ड्राइव्ह आकसून डिस्कच्या शेवटी ३० जीबी मोकळे केले आणि तिथे मिंट बसवलं. दीड महिना दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी चालल्या. ग्रंथपाल मावशींना जे जमलं नाही ते त्या वहीत लिहून ठेवायच्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'र्‍य' कसा काढायचा, पावतीचा छोटा प्रिंटर मध्येच का थांबतो, स्कॅनरने आकडा वाचल्यावर कर्सर पुढच्या रकान्यात का जात नाही. एकेक करून सगळं सुटलं. मग डी मधला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला, डी पुसून त्या जागी १०० जीबीचं पार्टिशन केलं आणि ती तयार, रुळलेली सिस्टिम जशीच्या तशी तिथे आणली. विंडोजचं सी अजून तसंच आहे, कारण जुनी सूची युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहे आणि ती तिथेच नीट उघडते.

हलवलं म्हणजे जीपार्टेडमध्ये (पार्टिशन लहानमोठं करायच्या प्रोग्रॅममध्ये) पार्टिशन डावीकडे ओढलं असं नाही. ते मी करणार नाही आणि कोणाला सांगणारही नाही. त्यात एकेक ब्लॉक उचलून पुढे ठेवला जातो, आणि मध्येच लाइट गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरच सिस्टिम चालते, डिस्कवरची लागत नाही) मशीन चालू केलं आणि जुनं व नवं अशी दोन्ही पार्टिशन जोडली. मग आरसिंक या कॉपीच्या कमांडने मालकी, परवानग्या, हार्ड लिंक (एकाच फाइलची दोन नावं) आणि जास्तीचे गुणधर्म धरून सगळ्या फायली कॉपी केल्या. ११ जीबीला अर्धा तास लागला. एकाच डिस्कवर वाचायचं आणि तिथेच लिहायचं म्हणून वेळ जातो. मूळ पार्टिशनला हातही लागत नाही. बिघडलं तर पुन्हा जुन्यावरून सुरू.

पुन्हा इन्स्टॉल करायचं म्हणजे मावशींची ती वही पहिल्या पानापासून परत सोडवायची. मला ते मान्य नाही.

पाना-पेचकस (जेल रोड)

दादा, मी १९ वर्षं हेच काम करतो. पेनड्राइव्हवरून मिंट टाकायला माझ्या हाताला २५ मिनिटं लागतात. तुम्ही पार्टिशन आकसलं, दीड महिना थांबलात, डी बाहेर काढला, अर्धा तास कॉपी केली, वर बूटचं (मशीन चालू होण्याचं) काम. मोजून बघा. प्रिंटरची सेटिंग आणि कीबोर्ड हे होम फोल्डर (वापरणाऱ्याच्या फायली आणि सेटिंगचं) आणि दोनचार फायली उचलल्या की येतात. हलवलेल्या सिस्टिमबरोबर दीड महिन्याचा कचरासुद्धा येतो: काढून टाकलेले ड्रायव्हर, अर्धवट पॅकेजेस, ट्राय म्हणून टाकलेलं काहीबाही. फॉरमॅट मारून नवीन टाकली की मशीन स्वच्छ.

दुसरं. १२ वर्षांची हार्ड डिस्क आहे. हे सगळं करण्याआधी तुम्ही तिचं स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघितलं का? रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागांचा, आकडा वाढत असेल तर आकसणं, कॉपी करणं, पुसणं ही तिच्यावर शेवटची मेहनत ठरते. आधी २४० जीबीचा एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) लावा, सिस्टिम थेट त्याच्यावर टाका. जुनी डिस्क फक्त डेटाला ठेवा.

वाचनालयवाला

स्मार्ट बघितलं होतं, आकडा शून्य आहे. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी वर लिहायला हवं होतं. डिस्क तपासल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नये.

एसएसडी दिवाळीनंतर घेणार आहोत, आणि माझा आग्रह त्यासाठीच आहे. एकदा सिस्टिम पार्टिशनवरून पार्टिशनवर नेता आली की डिस्कवरून डिस्कवर नेणं वेगळं राहत नाही. एसएसडी आला की तेच टप्पे. २५ मिनिटांत तुम्ही जे टाकून देता ते कोरं मिंट असतं. आमच्या वाचनालयाची सिस्टिम तयार व्हायला त्यावर दीड महिना गेला.

जमाखर्च (टिळक नगर)

मी याच्या पूर्ण विरोधात आहे, आणि अनुभवातून आहे.

माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. गेल्या वर्षी भाच्याने हौसेने माझी सिस्टिम अशीच छोट्या पार्टिशनवरून मोठ्यावर नेली. कॉपी झाली, मशीन सुरू झालं, सगळे आयकॉन जागेवर. आम्ही दोन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी "आता जुन्याचं काम नाही" म्हणून त्याने जुनं पार्टिशन फॉरमॅट केलं. पुन्हा चालू केलं तर काळी पाटी, वर 'ग्रब' हा शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. दोन दिवस आम्ही जुन्याच पार्टिशनवर काम करत होतो आणि आमच्यापैकी कोणालाच ते कळलं नव्हतं. नवीन पार्टिशनमध्ये त्या दोन दिवसांची एकही नोंद नव्हती. ८३ व्हाउचर कागदावरून परत भरली, रात्री दोन वाजेपर्यंत, रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात.

दोन सारख्या सिस्टिम एकाच डिस्कवर ठेवणं हाच धोका आहे. माणसाला त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. नव्याने टाकली असती तर निदान डेस्कटॉप रिकामा दिसला असता आणि मी विचारलं असतं.

हॉस्टेलवाला (भंवरकुआं)

ताई, हे का झालं ते सांगतो, मीही त्यातून गेलोय. यूईएफआयच्या (नव्या पद्धतीने चालू होणाऱ्या) मशीनवर चालू होताना पहिलं वाचलं जातं ते ईएसपी, म्हणजे बूटच्या फायलींचं छोटं फॅट-३२ पार्टिशन. त्यात उबंटू नावाचं फोल्डर असतं (मिंटही तेच नाव वापरतं) आणि त्यात ग्रबची (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) तीन ओळींची एक फाइल असते. पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की कोणत्या युयुआयडीचं (ओळख क्रमांकाचं) पार्टिशन शोधायचं. भाच्याने फायली कॉपी केल्या, नव्या जागेतल्या एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत) बदलही केला असेल, पण ग्रब नव्याने बसवला नाही. मग ती तीन ओळींची फाइल मशीनला जुन्याच पत्त्यावर पाठवत राहिली. जुनं फॉरमॅट झाल्यावर तो पत्ताच उरला नाही, म्हणून काळी पाटी.

मी स्वतः हलवण्याच्या बाजूने आहे, पण हाताने नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे, सिस्टिमची प्रत म्हणजे स्नॅपशॉट घेणारं. स्नॅपशॉट घ्या, लाइव्ह पेनड्राइव्हवरून रिस्टोअर करताना टारगेट म्हणून नवं पार्टिशन द्या, ग्रबही तेच बसवून देतं. फक्त होम फोल्डर ते सहसा धरत नाही, ते वेगळं न्यावं लागतं. आणि डीडी कमांडने आख्खं पार्टिशन जसंच्या तसं छापू नका. दोन्हीचा युयुआयडी एकच होतो, मग कोणतं उचलायचं ते मशीनच्या मर्जीवर.

एक विचारतो. दादा, तुमची डिस्क जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) होती ना? आमच्या लॅबमध्ये एमबीआरच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, डिस्क आहेत. त्यात प्रायमरी पार्टिशन चारच होतात आणि विंडोजने चारही खाल्लेली असतात. तिथे आकसून जागा मोकळी केली तरी नवं पार्टिशन बनत नाही.

वाचनालयवाला

हो, जीपीटी आहे. एमबीआर असती तर मी हा मार्ग धरला नसता, विंडोज ठेवून तर नाहीच.

जमाखर्च ताई, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. ८३ व्हाउचर म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, वडील मुनीम होते. तुमच्या भाच्याचं जे राहिलं त्याच जागी मीही घाबरलो होतो. म्हणून एक केलं. कॉपी संपल्यावर, लाइव्ह पेनड्राइव्हवर असतानाच, नव्या पार्टिशनमधल्या मावशींच्या डेस्कटॉपवर 'नवी जागा' नावाचं रिकामं फोल्डर ठेवलं. मग एफएसटॅबमधला मुख्य पार्टिशनचा युयुआयडी बदलला, सीएचरूट करून पेनड्राइव्हवरूनच नव्या सिस्टिमच्या आत शिरलो, ईएसपी जोडून ग्रब बसवला, त्याची यादी ताजी केली. मशीन चालू झाल्यावर पहिलं बघितलं ते फोल्डर. ते नाही दिसलं तर आपण जुन्या घरात आहोत, एवढं मावशींनाही समजतं. नंतर फाइंडमाउंट कमांड चालवून, चालू सिस्टिम ज्यावर आहे त्या पार्टिशनचा नंबरही बघितला. जुनं पार्टिशन पंधरा दिवस तसंच ठेवलं, त्याला 'जुने पुसू नये' असं लेबल दिलं. पंधरा दिवसांनी आतल्या शेवटच्या फायलीची तारीख बघितली, ती हलवल्याच्या दिवसाचीच होती. मगच पुसलं.

टाइमशिफ्टला माझा विरोध नाही. पण हाताने एकदा केलं की सिस्टिम म्हणजे काय ते कळतं: काही फायली, एक पत्ता, आणि तो पत्ता सांगणारा ग्रब. बाकी काही नाही. हे कळलेला माणूस काळ्या पाटीला घाबरत नाही.

पाना-पेचकस

दादा, कळलेला माणूस म्हणजे तुम्ही. तुम्ही पुण्याला मुलाकडे गेलात की मावशींनी कोणाला फोन करायचा? माझ्याकडे असं मशीन आलं तर मला तुमचं सगळं उलगडत बसावं लागतं. मागच्या महिन्यात एक आलं होतं. कोणीतरी फाइल मॅनेजरमधून कॉपी-पेस्ट करून सिस्टिम हलवलेली. चालू झाली, पण सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) चालेना, कारण फायलींचा मालक बदललेला आणि सेटयुआयडीचा बिट (मालकाच्या अधिकाराने चालवायची खूण) उडालेला. एकेक परवानगी दुरुस्त करत बसण्यापेक्षा मी डेटा काढला, नवीन टाकली, एका तासात मोकळा झालो. स्वतःच्या घरच्या मशीनवर करा, शिका, मी कौतुकच करीन. दहा लोक ज्याच्यावर अवलंबून आहेत त्या मशीनवर साधी रीत ठेवा, म्हणजे कोणताही भिया येऊन दुरुस्त करू शकेल.

जमाखर्च

पाना-पेचकस म्हणतात ते मला पटतं. आता माझा डेटा वेगळ्या पार्टिशनवर आहे, सिस्टिम वेगळ्या. सिस्टिम बिघडली की पुसायची आणि टाकायची. हलवायचा प्रश्नच येत नाही. 'नवी जागा'ची युक्ती चांगली आहे, पण दादा, ती तुम्हाला लागली याचाच अर्थ फसायला जागा होती.

वाचनालयवाला

डेटा वेगळ्या पार्टिशनवर, हे मी तुमच्याकडून घेतो. आमच्या १०० जीबीतून मी ते आधीच वेगळं काढायला हवं होतं. देवाणघेवाणीची फाइल होममध्येच आहे, आणि तुमची गोष्ट वाचल्यावर ती तिथे राहावी असं मला वाटत नाही. उद्याच डिस्कच्या शेवटी मोकळे झालेले ते ३० जीबी तिला देतो.

सिस्टिमबाबत मात्र मी हटत नाही. पुसा आणि टाका हे तुम्हाला चालतं, कारण तुमची कामाची सगळी सवय त्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मावशींची सवय सिस्टिममध्ये आहे. मोठी केलेली अक्षरं, एफ-९ दाबलं की मराठी, प्रिंटरला दिलेला पावतीचा आकार. त्या ६७ वर्षांच्या आहेत. दीड महिन्यात एकदाही त्यांनी "जुनं परत द्या" म्हटलं नाही. नवीन टाकून त्यातलं एक जरी राहिलं तरी त्या परत कागदी नोंदवहीकडे जातील, आणि मग वाचनालयात कॉम्प्युटर असून नसल्यासारखा.

पाना-पेचकस दादा, मी नसताना कोणाला फोन करायचा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काल रात्री सगळे टप्पे मराठीत एका कागदावर लिहिले: कोणत्या पार्टिशनला काय नाव आहे, पेनड्राइव्ह कुठल्या खणात आहे, काळी पाटी आली तर आधी काय बघायचं. तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवणार आहे. तुम्ही एकदा येऊन तो वाचाल का? तुम्हाला जिथे अडेल तिथे तो चुकला असं मी धरीन.

पाना-पेचकस

रविवारी दुकान बंद असतं. सकाळी दहाला येतो. तुम्ही लांब बसायचं, मध्ये काही सांगायचं नाही. मी कागद बघून ग्रब उडवतो आणि कागद बघूनच परत बसवतो. जमलं तर तुमच्या बाजूने एक मत.

हॉस्टेलवाला

मी पण येऊ का? पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे, मिंट २२चा.

वाचनालयवाला

ये. पण ग्रब उडवायच्या आधी देवाणघेवाणीची फाइल मी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवणार, आणि मावशी ती उघडून बघणार. त्यांनी हो म्हटल्यावरच हात लावायचा.