मदत हवी आहे: श्रीलंकेतली जंगलं, तिघं जण, दहा दिवस आणि हात आखडता

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणारे, सांभाळून घ्या.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले त्याला आठ वर्षं झाली, आता वय ६६, आणि रिटायर झाल्यापासून पक्ष्यांचं वेड लागलंय. आमच्या चिपळूणच्या घरामागे पऱ्ह्या (छोटा ओढा) आहे, तिथे दरवर्षी पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, पहाटे दोन सुरांची शिट्टी चालू झाली की बाबा चहा तसाच ठेवून मागच्या दारी. पाऊस संपला की हा गडी गायब. कुठे जातो ते त्यांनी शोधून काढलं, तर दक्षिण भारत आणि श्रीलंका. त्या दिवसापासून एकच धोशा, 'तो आपल्याकडे येतो, एकदा आपण त्याच्याकडे जाऊ.' पासपोर्ट रिटायर झाल्या झाल्या काढलेला, अजून कोरा आहे आणि दोन वर्षांत संपेल, म्हणून यंदा फेब्रुवारीत जायचंच असं ठरलंय.

आम्ही तिघं, मी, बायको आणि बाबा. एकूण दीड लाख, त्यात विमानाचे मुंबईहून जाऊन-येऊन साठ-पासष्ट हजार धरलेत, म्हणजे तिकडचं राहणं, खाणं, फिरणं, जंगलं सगळं ८५ हजारांत, तिघांचं. एका टूरवाल्याला विचारलं तर त्याने फ्लाइट सोडून माणशी ८५ सांगितले, त्यात 'याला' नावाच्या जंगलाची सफारी 'काँप्लिमेंटरी'. मी आभार मानून फोन ठेवला.

मग मीच प्लॅन केला, नऊ रात्री: नेगोंबो, सिगिरियाचा कातळकिल्ला, मिन्नेरियाचे हत्ती, कँडी, हॉर्टन प्लेन्सचं पठार, एला, याला, मिरिसाला व्हेल बघायला बोट, परत येताना सिंहराजाचं पावसाळी जंगल. बायकोने वाचलं आणि म्हणाली ही ट्रिप आहे का चिपळूण आगाराचं वेळापत्रक. तिचं बरोबर असेल, पण काय गाळायचं तेच कळत नाहीये, सगळीकडेच 'मस्ट सी' लिहिलेलं असतं.

तर अनुभवी लोकांनी सांगा की यातलं काय उडवू, जीप सफारी किती कराव्यात (सगळा खर्च तिथेच जातोय असं दिसतंय), बाबांना घेऊन बस आणि ट्रेनने फिरणं जमेल का, चालायला ते ठणठणीत आहेत पण उतारावर डावा गुडघा कुरकुरतो. बायको पूर्ण शाकाहारी, तिचं काय. आणि जळवा. जळवांबद्दल खरं खरं सांगा.

जळूग्रस्त:

आयडी बघूनच कळलं असेल मी का लिहितोय.

आधी कात्री लावू. मिन्नेरिया पहिलं उडव. तिथला हत्तींचा तो प्रसिद्ध जमाव ऑगस्ट-सप्टेंबरात असतो, तलावाचं पाणी आटतं आणि काठावर कोवळं गवत येतं तेव्हा. फेब्रुवारीत तिकडे ईशान्य मोसमीचा पाऊस नुकताच पडून गेलेला, तलाव भरलेला, हत्ती पांगलेले, मग तेवढ्यासाठी उत्तरेला कशाला जायचं? सिगिरिया मस्त आहे पण बाराशे पायऱ्या, कुरकुरणारा गुडघा आणि डॉलरमधलं तिकीट. भारतीय पासपोर्ट दाखवला की सार्कवाल्यांना सवलत मिळते, ती मागायची, आपण होऊन कोणी देत नाही. तरी तुमच्या बजेटमध्ये ते नको.

बाकी महिना मात्र एकदम बरोबर निवडलास. या देशाला दोन पावसाळे, मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येला आणि डोंगरात, डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्व आणि उत्तरेला. फेब्रुवारी-मार्चात दक्षिण आणि डोंगर त्यातल्या त्यात कोरडे. सिंहराजा कोरडं कधीच नसतं, ते सोड.

आता जळवा. खरं सांगायचं तर मी पहिल्या दिवशी हाफ पँटमध्ये गेलो, हुशारी. संध्याकाळी मोजल्या तर अठरा. दुखत काही नाही, फक्त रक्त थांबत नाही, चावली त्या जागी पाण्यासारखं वाहत राहतं आणि बायकांना वाटतं नवरा मेला. उपाय एकच, लीच सॉक्स. गुडघ्यापर्यंतची घट्ट विणीची कापडी पिशवीच असते ती, आपल्या मोज्यांवर चढवायची, पँट आत खोचायची, वर नाडी. ट्रेकच्या दुकानात मिळतात किंवा जाड कापडाचे घरी शिवून घ्या, माझ्या आईने जुन्या बेडशीटचे शिवले होते, उत्तम चालले. मोज्यांना कोरडा साबण चोळायचा. चावलीच तर ओढायची नाही, नखाने बाजूने सरकवायची. मीठ बीठ टाकत बसू नका, जखम झोंबते नुसती.

कोलंबोकर:

चार वर्षं इथे नोकरीनिमित्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पैशाचं गणित हॉटेलवर ठरत नाही. होमस्टे स्वस्त आहेत, बस-ट्रेन तर फुकटात असल्यासारखी. आपला एक रुपया म्हणजे इथले साडेतीनच्या आसपास, त्यामुळे जेवणही परवडतं. पैसे जातात ते जंगलाच्या गेटवर, आणि गेट दोन प्रकारची आहेत हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. याला, उडावलवे, मिन्नेरिया, हॉर्टन प्लेन्स ही वन्यजीव खात्याची पार्कं. तिथे परदेशी माणसाला डॉलरमधलं तिकीट, वर ग्रुपमागे सर्व्हिस चार्ज, गाडीचा वेगळा, या सगळ्यावर टॅक्स, आणि हत्ती-बिबट्यांच्या पार्कात पायी फिरता येत नाही म्हणून जीप आलीच. सिंहराजा, नकल्स, कँडीतलं उडवत्तकेले ही वन खात्याची. तिकीट त्या मानाने बरंच कमी आणि जंगल आपल्या पायांनी बघायचं. तुमच्या बाबांना पक्षी बघायचेत ना, मग निम्म्याहून जास्त दिवस वन खात्याकडे घालवा, आपोआप बजेटमध्ये बसाल.

जीप सफारी एकच करा आणि ती उडावलवेला. यालात बिबट्या दिसला रे दिसला की वॉकीटॉकी नाहीतर मोबाइलवरून निरोप जातो आणि तीस-चाळीस जीपा एकमेकींच्या धुरात उभ्या, पक्षी बघणाऱ्या माणसाला तिथे रडू येईल. उडावलवे मोकळं आहे, गवताळ, वर्षभर हत्ती दिसतात. (बहुतेक नरांना सुळे नसतात, बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळ्या हत्तिणीच का म्हणतील.) जीप होमस्टेवाल्याला सांगून ठेवायची, तुमच्याकडे अजून दोन-तीन जण उतरले असतील तर एकत्र जायचं, जीपचे पैसे तर वाटले जातातच, तो सर्व्हिस चार्जसुद्धा वाटला जातो. गेटवर ऐन वेळी जीप करू नका, मी केली होती, ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीच साहेबांनी बाहेर आणून सोडलं.

दुसरा हत्ती फुकट. एंबिलिपिटियाहून तनमल्विलाला जाणारी साधी बस उडावलवेच्या धरणावरून आणि मग पार्कच्या तारेला लागून जाते, खिडकीतून हत्ती दिसतात बरेचदा, कारण लोक त्यांना फळं घालून सवय लावतात. तुम्ही घालू नका. आणि जवळच पोरक्या पिल्लांचं ट्रान्झिट होम आहे, दर तीन तासांनी दूध पाजतात, नळकांड्यातून दूध पितात आणि संपलं की पुन्हा रांगेत घुसायला बघतात, ते जरूर बघा.

वहिनींसाठी: रोजचं जेवण म्हणजे भात आणि चार-पाच भाज्या, परिप्पू म्हणजे डाळ, फणसाची भाजी, इडियप्पम, आप्पे नव्हे आप्पम. पार्सलला 'बत् पॅकेट' म्हणतात, बत् म्हणजे भातच. मोठी फसगत एक, पोल सांबोळ म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, दिसायला शाकाहारी पण त्यात बहुतेक वेळा उंबलकड कुटून घातलेलं असतं, म्हणजे सुकवलेला कुपा मासा. विचारल्याशिवाय खाऊ नका. उडावलवेच्या रस्त्याला मातीच्या मडक्यात म्हशीचं दही मिळतं, त्यावर कितुलची काकवी ओततात. कितुल म्हणजे आपला भेरली माड, कोकणात आहेच.

आळशी_ट्रेकर:

एवढा खटाटोप नवरंगसाठी? हिवाळ्यात तो केरळात थट्टेकाडला पण असतो, रेल्वेने जा, पासपोर्ट नको, डॉलर नको, ८५ हजारांत तिघं महिनाभर राहाल.

पक्षीपुराण:

@आळशी_ट्रेकर, मुद्दा बरोबर पण थट्टेकाडला निळी लांडोरखापरी मिळत नाही... असो, मराठी नाव मीच आत्ता तयार केलं. श्रीलंकेचा ब्लू मॅगपाय म्हणतोय, निळं अंग, तपकिरी डोकं, लाल चोच, तो जगात फक्त तिथेच. असे फक्त तिथेच मिळणारे तीसहून जास्त पक्षी आहेत, तेही आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या बेटावर.

@वाशिष्ठीकाठ, सिंहराजाला कुडवा बाजूने जा, रत्नपुरा-कलवाना करून बस आहेत. तिकीटघरापासून पुढे खराब चढ आहे, जीपवाले मागे लागतात, पण तिथे चालतच जा, पक्षी त्या रस्त्यालाच आहेत. गाइड सक्तीचा आहे, घ्या, आणि पहिल्यांदाच सांगा की धबधबा नको, पक्षी हवेत, नाहीतर तो टिपिकल धबधब्याला नेऊन परत आणतो. तिथली गंमत म्हणजे मिश्र थवे. अर्धा तास जंगल एकदम सुनं आणि मग एकाएकी वीस जातींचे पक्षी एकत्र येतात, खाली सातभाई कालवा करतायत, मध्ये कोतवाल, वर मॅगपाय, दहा मिनिटांत सगळं पुढे निघून जातं. अशा वेळी पळायचं नाही, एका जागी उभं राहायचं. तीन रात्री द्या, कारण एक दिवस पावसात जाणार हे धरूनच चाला. मॅगपाय मला जंगलात दिसलाच नाही, सकाळी सहाला होमस्टेच्या मोरीमागे दिव्याला जमलेले पतंग खाताना दिसला, दात घासत होतो.

छोटं पिंगळ्याएवढं सेरेंदिब घुबडही याच पट्ट्यातलं, २००१ मध्ये पहिल्यांदा दिसलं आणि २००४ मध्ये विज्ञानाला कळवलं गेलं, गाइडला विचारून बघा, पण त्याने नाही म्हटलं तर हट्ट नको, दिवसा झोपलेल्याला उठवायचं नाही.

आणि नवरंग? तो तर कुठेही, बागेतसुद्धा. संध्याकाळी अंधार पडताना एकमेकांना शिट्ट्या घालतात. सिंहलीत त्याला 'अविच्चिया' म्हणतात, त्याच्या शिट्टीवरूनच. मला कँडीच्या उडवत्तकेलेत दिसला, वाळक्या पानांत उड्या मारत. आपल्याकडच्या उन्हाळी नवरंगासारखा उंचावर बसून ओरडत नाही तिकडे, जमिनीकडे बघत चला.

वाशिष्ठीकाठ:

बाबांना सगळं वाचून दाखवलं. 'अविच्चिया' त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि तीनदा म्हणून बघितलं.

@आळशी_ट्रेकर, थट्टेकाडचं मीही सुचवलं होतं राव, त्यावर त्यांनी कपाटातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला, काही बोलले नाहीत. विषय संपला.

नवीन प्लॅन असा होतोय: नेगोंबोला एक रात्र, मग कुडवा तीन, तिथून रत्नपुरा-एंबिलिपिटिया करत उडावलवे दोन, वेल्लवाया मार्गे एलाला एक, ट्रेनने कँडी दोन. याला, सिगिरिया, व्हेल सगळं गेलं. हॉर्टन प्लेन्सचं मन होत नाहीये सोडायला, काय करू?

कोलंबोकर:

सोडा. नऊएक किलोमीटरचा फेरा, तिकीट वन्यजीव खात्याचं, आणि नऊ-दहा वाजले की तिथल्या वर्ल्ड्स एंड कड्यावर धुकं, मग पैसे देऊन पांढरी भिंत बघायची. पहाटे पोचायला गाडी करावी लागते. त्याऐवजी एला-कँडी ट्रेन तुम्हाला ओहिया-पट्टिपोळावरून नेतेच, पट्टिपोळा स्टेशन जवळपास १९०० मीटरवर आहे, खिडकीतून तोच डोंगर, तेच ढग. रिझर्व्हेशन ३० दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं. नाही मिळालं तर विनारिझर्व्हेशन थर्ड क्लास, मात्र सहा-सात तास आणि उभं राहावं लागेल, बाबांसाठी ते नको. तिकीट नाही मिळालं तर एलाहून बंडारवेलाला बसने जा आणि कँडीची बस पकडा. निघायच्या आधी लाइन पूर्ण चालू आहे ना तेही बघा, डोंगरात दरड पडली की गाड्या अर्ध्यात थांबतात.

आणखी दोन गोष्टी. दर पौर्णिमेला इथे सुट्टी असते, पोया म्हणतात, त्या दिवशी बस आणि ट्रेन तुडुंब, प्रवासाचा दिवस त्यावर येऊ देऊ नका. यूपीआय शहरात काही ठिकाणी चालतं, कुडव्याला रोखच.

वाशिष्ठीकाठ:

मनापासून आभार. शेवटचा प्रश्न, हसू नका. बाबांचा आहे. त्यांनी विचारलंय तिकडच्या सरकारी बस कुठल्या बनावटीच्या आणि ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट मिळते का. आयुष्यभर गाड्या खालून बघितल्या, आता पुढून बघायच्यात म्हणे.

कोलंबोकर:

हसतोय, पण प्रेमाने. सरकारी बस लाल, आपल्यासारख्याच, आणि बऱ्याचशा अशोक लेलँड, तिथेच जोडणी होते. बाबांना इंजिनचा आवाज ओळखीचा वाटेल. पहिली सीट मात्र नाही, ती भिक्खूंसाठी राखीव असते, रिकामी असली तर बसतात लोक, पण भंते चढले की उठायचं. दुसऱ्या रांगेत डावीकडची खिडकी धरा. उडावलवेच्या बसला कुठली बाजू घ्यायची ते कंडक्टरला विचारा, हात पसरून दाखवतो, हत्ती कुठल्या बाजूला ते.