कोस्टरवर चष्मा काढायला लावला, तोही सव्वा तास रांगेत उभं राहिल्यावर

विश्रामबागची_सून, सांगली

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात घरचे आठ जण एका मोठ्या अम्युझमेंट पार्कात गेलो होतो. नाव घेत नाही, मला भांडण उकरायचं नाही, उत्तर पाहिजे. पहाटे साडेतीनला सांगली सोडली. गेटवर सासूबाईंची भडंगाची पिशवी काढून घेतली, ते एक सोडा.

मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत सव्वा तास उभी होते. माझा नंबर आला, सीटपाशी गेले, तर तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम, चष्मा काढा." मी म्हटलं, अहो उणे साडेसहा नंबर आहे, चष्म्याशिवाय समोर माणूस उभा आहे का खांब, एवढंच कळतं मला. तो म्हणाला, मग बाजूला व्हा, मागचे खोळंबलेत. समोरच्या भिंतीला उघडे खोके होते, त्यात ठेवा म्हणाला. ठेवला. मंगळसूत्र पण काढा म्हणाला. ते मी काढलं नाही, कुर्त्यात आत घातलं, त्यानं बघून सोडून दिलं.

राइडबद्दल काय सांगू, मला सगळं हिरवं-निळं फिरताना दिसलं. खाली उतरले, चाचपडत खोक्यापाशी गेले, तर माझ्या चष्म्यावर कुणीतरी बूट ठेवलेले. उजवी काडी मुळातून तुटलेली. 4,200 रुपयांचा चष्मा. दिवसभर नवऱ्याच्या दंडाला धरून फिरले, धाकटी जाऊ म्हणाली, वहिनी, अगदी लग्नातल्यासारखं वाटतंय.

तर विचारायचं असं, की चष्मा काढायचा नियम सगळीकडे असतो का, का त्या पोराचा तो कायदा? पट्टी लावून घातला तर चालत नाही का? दुसरं, ते खोक्यात ठेवा म्हणाले म्हणून ठेवला, मग तुटल्याचं कुणाच्या गळ्यात? मे महिन्यात नणंदेच्या मुली येणार आहेत, त्यांना परत तिथंच जायचंय. थोरलीला चष्मा आहे.

पवईनाका, सातारा

पुसेगावच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसताना चप्पल खाली काढून बसायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. लहानपणी माझी एक चप्पल वरून पडली ती थेट भजीवाल्याच्या परातीत. आमच्या वडलांनी त्याची आख्खी परात विकत घेतली. तेव्हापासून मी नियम पाळतो.

जुना_लोडर, वाई

ताई, मी एका पार्कात तीन वर्षं लोडिंगला, म्हणजे राइडवर माणसं बसवायला होतो. बार दाबून बघायचं, बेल्ट ओढून बघायचा, हातातलं काढायला सांगायचं, हेच काम. आता गावी स्ट्रॉबेरी करतो.

चष्म्याचा नियम प्रत्येक राइडचा वेगळा असतो. काही ठिकाणी मागून घट्ट पट्टी असेल तर चालतं, काही ठिकाणी मुळीच नाही. अबू धाबीला फॉर्म्युला रोसा म्हणून कोस्टर आहे, ताशी 240 किलोमीटर, तिथं तर उलट डोळ्यांना गॉगल देतात. म्हणजे डोळ्यावर काही असण्याला हरकत नसते, ते सुटेल का एवढाच प्रश्न.

लोकांना वाटतं आम्ही त्यांचा फोन वाचवतोय. तुमच्या फोनचं आम्हाला काय! भीती मागच्या सीटवरच्या माणसाची आणि खाली रांगेत उभ्या असलेल्याची. अमेरिकेत ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कात ड्रॅगन चॅलेंज म्हणून दोन कोस्टर होते, समोरासमोरून एकमेकांच्या अगदी जवळून जायचे. 2011 मध्ये उडालेली वस्तू लागून एका माणसाचा डोळा गेला. त्यानंतर त्यांनी दोन्ही गाड्या एकत्र सोडणंच बंद केलं आणि 2015 पासून मोठ्या कोस्टरच्या रांगेत मेटल डिटेक्टर लावले. खिशात नाणं सापडलं तरी परत पाठवतात.

आमच्याकडं सकाळी पार्क उघडायच्या आधी ट्रॅकखालून चालत जायचो. एक प्लायवूडची पेटी होती, तिच्यात दिवसाचं सगळं टाकायचं. केसांच्या क्लिपा ढिगानं, एकेक पायातल्या चप्पल (जोडी कधीच नाही), किल्ल्या, आणि एकदा खालची कवळी. कवळीवाले आजोबा संध्याकाळी तोंडावर रुमाल धरून आले, मी धुऊन दिली. कुठल्यातरी पोराचा फोन सापडला तो स्क्रीनचा भुगा, पण आईचा फोन येत होता, वाजत होता.

फोन पडला म्हणून कुंपण ओलांडून कधीच जाऊ नका, हे लेकरांना पण सांगा. अमेरिकेत ओहायोच्या सीडर पॉइंटला ऑगस्ट 2015 मध्ये एक माणूस असाच कुंपणाच्या आत फोन शोधायला गेला, वरून रॅप्टर नावाच्या कोस्टरची गाडी आली. गेला बिचारा. गाडी येताना आवाज येतो, पण पळायला वेळ राहत नाही.

मंगळसूत्राचं म्हणाल तर आम्ही छोटं असेल तर आत घालायला सांगायचो, लांब वाट्यांचं काढायलाच लावायचो, कारण खांद्यावरचा बार खाली येताना साखळी मध्ये चेपते. त्यावरून रोज वाद. एका बाईंनी काढून नवऱ्याच्या हातात दिलं, तर नवरा पण त्याच गाडीत, पुढच्या सीटवर!

कराडचा_मास्तर

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, राहवत नाही म्हणून लिहितो.

समजा 40 मीटरचा उतार आहे. खाली येईपर्यंत वेग सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी 100 किलोमीटर. त्या वेगातला 200 ग्रॅमचा फोन म्हणजे 78 ज्यूल ऊर्जा. एक किलोचा नारळ 8 मीटरवरून डोक्यात पडला तर तेवढेच होतात. दोन मजली घराच्या गच्चीपेक्षाही वरून.

आणि सगळ्यांना वाटतं की उलटं झाल्यावर खिसा रिकामा होतो. तसं नसतं. गोल फेऱ्यात तुम्ही सीटवर दाबले जाता, डोकं खाली असलं तरी. वस्तू निसटते ती टेकडीवरून खाली वळताना, जेव्हा बूड सीटवरून अर्धा इंच उचलतं आणि पोटात गोळा येतो. त्या क्षणी फोनला वजनच नसतं. त्यात बसल्यावर पॅन्टच्या बाजूच्या खिशाचं तोंड मागच्या बाजूला आडवं उघडतं. घरी खुर्चीत बसून बघा, किल्ली टाका खिशात.

विश्रामबागची_सून, सांगली

मास्तर, बघितलं. किल्ली खरंच सोफ्याच्या फटीत गेली, अजून काढतेय.

लोडरभाऊ, तुमचं पटलं. पण माझं म्हणणं तेच आहे की हे सीटपाशी का सांगता? रांगेच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात लिहा, चष्मा चालणार नाही, लॉकर इकडे. मी सव्वा तास उभी होते, तेवढ्यात कुणी एक शब्द बोललं असतं तर मी दोरी बांधून आले असते. शेवटच्या वीस सेकंदांत, मागे तीस माणसं शिट्ट्या मारतायत, तेव्हा माणूस उणे साडेसहाचा चष्मा कुठंही ठेवेल.

जुना_लोडर, वाई

ते बरोबर आहे ताई. पाटी असते हो, पण जिथं रांग वळते तिथं, चित्रं वीस आणि अक्षरं मुंगीएवढी. आम्ही पण वरच्या साहेबांना सांगितलं होतं. ऑरलँडोला 2021 मध्ये व्हेलोसिकोस्टर सुरू झाला तिथं दोन्हीकडून उघडणारे लॉकर आहेत. रांगेतून जाताना या बाजूनं ठेवायचं, उतरून त्या बाजूनं काढायचं. बूट कुणाचा कुणावर पडत नाही. आपल्याकडं उघडे खोके, आणि गाडी सुटायची घाई.

काळा_कोट, मिरज

फुकटचा सल्ला, म्हणून तेवढाच समजा. "व्यवस्थापन जबाबदार नाही" ही पाटी लावली म्हणजे सगळं माफ होतं असं नाही. तुम्ही चोरून फोन नेला आणि पडला तर तुमची बाजू लंगडी. पण तुम्हाला त्यांच्या माणसानं सांगितलं, त्यांच्या खोक्यात ठेवायला लावलं, आणि तिथं मोडला, तर हा सेवेतल्या हलगर्जीचा मुद्दा होऊ शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे सांगलीतच, तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करायची. 5 लाखांपर्यंत फी नाही. पण आधी पार्कला लेखी कळवा, तिकीट, चष्म्याचं बिल, मोडक्या काडीचा फोटो जोडा. 4,200 साठी तारखा घालण्यापेक्षा बहुतेक वेळा एका पत्रात काम होतं.

आणि ओढणीचं कुणी बोललं नाही म्हणून. मुलींना गो-कार्टला, म्हणजे त्या छोट्या उघड्या रेसच्या गाडीत बसवणार असाल तर ओढणी घरी, केस बांधून हेल्मेटच्या आत. हरियाणात पिंजोरला 2018 मध्ये चाकात केस अडकून एका बाईचा जीव गेलाय.

विश्रामबागची_सून, सांगली

वकीलसाहेब, पत्र लिहिलं. जवाब येईल तेव्हा इथंच कळवीन.

बाकी, स्टेशन रोडला चष्म्याच्या दुकानात 80 रुपयांना मागून ओढून घट्ट करायची पट्टी मिळाली. दोन घेतल्या. घरात घालून नाचून बघितलं, हलत नाही. तरी नाही म्हणाले तर डबा घेतलाय, कडक झाकणाचा, वर बूट ठेवला तरी मोडणार नाही. थोरलीला निघायच्या आधीच फोन करून विचारायला सांगितलंय की कुठल्या राइडला चष्मा चालतो.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, लॉकरला पैसे कशाला, मी काय त्या रुळांवर बसणार नाहीये, खाली बाकावर वायरची पिशवी घेऊन बसते. सगळ्यांचे फोन, पाकिटं, मंगळसूत्रं माझ्याकडं द्या. फक्त भडंग या वेळी पिशवीच्या तळाला ठेवणार म्हणतात, मंगळसूत्रांच्या खाली.