दहावीच्या तोंडावर बेसबॉलची शोकेस ट्रायआउट, पाठवू का?

कोथरूडची आई: लेक १५ वर्षांचा, बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) आहे, मे मध्ये मामाकडे न्यू जर्सीला जाणारे तर तिथल्या एका शोकेसचं, म्हणजे कॉलेजच्या कोचसमोर खेळून दाखवायच्या ट्रायआउटचं, बोलावणं आलंय, फी भरमसाठ आणि इकडे दहावीची व्हेकेशन बॅच बुडणार. त्यात हल्ली बुटाची लेस बांधताना पण कोपर चोळत बसतो, बघून जीव खालीवर होतो.

सिंहगडरोडकर: ताई आधी कोपर दाखवा! अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या बेसबॉल लीगच्या, मेजर लीगच्याच गाइडलाइन्समध्ये १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (टाकलेले चेंडू) आणि ७६ किंवा जास्त झाले की चार दिवस आराम सांगितलाय. तिथे चेंडूचा वेग मोजणारी रडार गन समोर आली की पोरं जीव तोडून टाकतात, दुखऱ्या हाताने अजिबात नको.

औंधची मावशी: आणि बोलावणं म्हणजे निवड नव्हे हो, बऱ्याच ठिकाणी फी भरली की घेतात. डिव्हिजन वनचे, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटाचे कोच अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलांशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत, मग आत्ता कसली घाई?

कोथरूडची आई: ऑर्थोची उद्याची अपॉइंटमेंट घेतली. पण त्याला सांगू कसं, ग्लोव्ह बॅगेत भरून बसलाय.

सिंहगडरोडकर: डॉक्टरांनाच सांगू द्या, आईचं ऐकत नाहीत या वयात. मामाकडे मात्र जाऊ दे, तिकडच्या शाळेची एखादी मॅच बघून येईल.