मदत हवी आहे: पावसाळ्यात स्थितिक विद्युतचे प्रयोग कसे दाखवता?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. यंदा स्थितिक विद्युतचा पाठ ऐन पावसात आलाय. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार निघून जातो. पीव्हीसीचा पाइप आणि लोकरीचं कापड हेअर ड्रायरने सुकवलं, की कागदाचे कपटे टपाटप चिकटतात, पण थोडाच वेळ. प्रतिकर्षण, म्हणजे सारख्या प्रभारांनी एकमेकांना दूर ढकलणं, मात्र दिसतच नाही. दोऱ्याला टांगलेली स्ट्रॉ आणि हातातली स्ट्रॉ, दोन्ही लोकरीने घासल्या तरी टांगलेली जागची हलत नाही. आणि माझ्या मते पाठाचा गाभा तोच आहे. आकर्षण तर न घासलेल्या कागदातही दिसतं.

दुसरं म्हणजे, घासल्यावर इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात, हे मुलांना पटलंय. पण एकीने विचारलं, "बाई, कागद तर कुणी घासलाच नाही, मग तो का ओढला जातो?" फार छान प्रश्न! कागदातले प्रभार किंचित सरकतात, जवळची बाजू विजातीय (विरुद्ध प्रभाराची) होते, हे सांगितलं. पण ते डोळ्यांना दिसेल असं काही हवंय.

बरणी आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा विद्युतदर्शी (वस्तूवर प्रभार आहे का ते दाखवणारं साधन) कोकणातल्या पावसात कुणी चालवलाय का? आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून फरक पडतो का?