दहावीची क्षेत्रभेट : बस नाही, पैसे नाहीत, कुठे नेऊ?

इतिहासवाली बाई, ३ जुलै

नमस्कार. पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. माझं एम.ए. इतिहासातलं. भूगोलाचे सर मे महिन्यात निवृत्त झाले आणि "समाजशास्त्रच ना सगळं" म्हणून नववी-दहावीचा भूगोल माझ्या टाइमटेबलात येऊन बसला. चंद्रगुप्त मौर्य मला झोपेत विचारा. समघनी नकाशा म्हटलं की आधी पुस्तक उघडावं लागतं.

दहावीचा पहिलाच धडा क्षेत्रभेट. पुस्तकातली मुलं नळदुर्गहून निघून थेट अलिबागचा समुद्र गाठतात. माझ्या वर्गात ५४ मुलं आहेत आणि बसचं नाव काढलं की ऑफिसातून एकच उत्तर येतं, "डिसेंबरात सहल आहेच की." सहल आणि क्षेत्रभेट यात फरक काय, हा प्रश्न परीक्षेत मुलांना विचारतात. मोठ्यांनाही एकदा विचारायला हवा.

कपाट आवरताना गेल्या वर्षीचे अहवाल सापडले. सगळे कोकणात जाऊन आलेले! प्रत्यक्षात कोणीच कुठे गेलं नव्हतं, गाइडातला नमुना उतरवला होता. 'पश्चिमेला मावळणाऱ्या सूर्याचा लालबुंद गोळा पाहून मन हरखून गेले', हे वाक्य मी एकोणपन्नास वेळा वाचलं.

या वर्षी टाचणात मीसुद्धा 'विद्यार्थी क्षेत्रभेटीचे महत्त्व सांगतात' असं लिहून मोकळी झाले आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. तास संपताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण आपण कुठे जायचं?" तो प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

शाळा दुपारी बाराला भरते, म्हणजे सकाळ मोकळी. चालत वीस मिनिटांवर गुलटेकडीचं मार्केटयार्ड, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर पर्वती. बऱ्याच मुलांचे वडील यार्डात हमाल किंवा टेम्पोवर आहेत. दोन-अडीच तासांत असं काय करता येईल, ज्याला भूगोल म्हणता येईल? नुसती पायपीट नको.

टेकडीवाला

पर्वतीला न्या, विचार कसला करताय. १०३ पायऱ्या, पंधरा मिनिटांत वर. पावसाने उघडीप दिली तर नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो, वायव्येला वेताळ टेकडी. गाव बशीत वसल्यासारखं का वाटतं ते वरून आपोआप कळतं. मुठा खडकवासल्याकडून कशी येते ते बोटाने दाखवा. पाया बेसॉल्टचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मुलं त्यावरच बसून डबा खातील.

अजून एक. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा कोणाकडे पाणी कुठवर आलं होतं, हे आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. वर बसून ती ठिकाणं नकाशावर मांडा आणि जोडा. पुराची रेघ तयार.

खडूची धूळ

बाई, मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून जरा लांब लिहितो. कंटाळा आला तर वगळा.

पर्वती चांगली आहे, पण वर गेल्यावर तुम्ही बोलाल आणि मुलं बघतील. बोट तुमचं, डोळे त्यांचे. पहिल्या भेटीला मी तरी मार्केटयार्डच सांगेन. तिथे उत्तर तुम्हालाही माहीत नसतं, आणि ते मुलांना लगेच ओळखू येतं.

प्रश्न एकच न्यायचा : आज आलेला माल कुठून आला आणि तिथूनच का आला? नऊ-नऊचे सहा गट करा आणि प्रत्येकाला एक जिन्नस द्या. कांदा, बटाटा, लसूण, कोथिंबीर, शेवगा, डाळिंब. मुद्दाम असे निवडलेत. बटाटा आग्रा-इंदूरकडूनही येतो आणि मंचरकडूनही. लसूण बराचसा मध्य प्रदेशातला. शेवगा दक्षिणेतून सुद्धा येतो. कोथिंबीर मात्र बहुतेक आसपासच्या तालुक्यांतली. ही उत्तरं मुलांना आधी सांगू नका. ऋतूप्रमाणे बदलतातही, त्यामुळे तुमचा अंदाज चुकला तर लाज वाटून घेऊ नका.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी हुशारी करून मुलांना ट्रकच्या पाट्या टिपायला सांगितल्या. एमएच १३ म्हणजे सोलापूर, १५ नाशिक, ११ सातारा, ४२ बारामती. वर्गात येऊन नकाशा रंगवला तर सगळ्यात गडद पुणे जिल्हा, कारण निम्म्या टेम्पोंवर एमएच १२! पाटी गाडी कुठे नोंदवली ते सांगते, माल कुठे पिकला ते नाही. नकाशा देखणा होता आणि साफ खोटा होता. पुढच्या वर्षीपासून मी ही चूक मुद्दाम होऊ देऊ लागलो. पाटी टिपा आणि ड्रायव्हरलाही विचारा, मग दोन रकाने शेजारी ठेवा. नववीच्या वितरणाच्या नकाशांच्या धड्यात क्षेत्रघनी पद्धत, म्हणजे आकड्याप्रमाणे प्रदेश गडद-फिका रंगवायची, येते ना, तिथे आकडा कशाचा आहे हे आधी विचारायची सवय यातून लागते.

प्रश्नावली चार प्रश्नांची, पाचवा नको. आणि घरी बोलतो त्या भाषेत. माझ्या एका विद्यार्थ्याने तोलणाऱ्याला विचारलं होतं, "आपल्या कृषिमालाचे उत्पादनस्थान कोणते?" त्याने मान वर न करता सांगितलं, "हापिसात विचार." दुसरीने विचारलं, "दादा, माल कुठला?" तिला गावासकट उत्तर मिळालं, वर चार डाळिंबं.

जाताना मधे थांबू नका, गाळ्याच्या कडेने उभे राहा. डोक्यावर गोणी असलेल्या हमालाला कधीच प्रश्न विचारायचा नाही, हे मुलांकडून वदवून घ्या. बाजार समितीला आठवडाभर आधी शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. साडेसहाला आत, आठला बाहेर.

खरा तास दुसऱ्या दिवशी. भारताचा रेखा नकाशा फळ्यावर, पुण्यातून प्रत्येक गावापर्यंत रेघ. आवक जास्त तिथे रेघ जाड. मग गप्प बसा. कोणीतरी विचारतंच की कोथिंबिरीच्या रेघा एवढ्याशा आणि बटाट्याच्या एवढ्या लांब का. नाशवंत माल, वाहतुकीचा खर्च, शीतगृह हे सगळं तिथून उलगडतं. फॉन थ्यूनन नावाच्या जर्मन जमीनदाराने १८२६ साली हेच मांडलं होतं : शहराच्या जवळच्या कड्यात दूध-भाजी, लांब धान्य, त्याही पलीकडे गुरं. त्याच्या हिशोबात घोड्याची गाडी होती, आपल्याकडे आयशर आहे. कडी कुठे मोडली ते मुलांना शोधू द्या. अर्थव्यवस्था आणि वाहतूक हे पुढचे दोन धडे निम्मे तिथेच होतात.

निकाल आधी

सर, ऐकायला छान आहे. पण भूगोलाला ४० गुण, आठवड्याला मोजक्या तासिका आणि नोव्हेंबरात पोर्शन संपवायचा असतो. पालक गुण विचारतात, शेवगा नाही. मी धड्याखालचे स्वाध्याय पाठ करून घेतो, मुलं पास होतात.

खडूची धूळ

मुलं पास होतात हे खरंय, त्यावर वाद नाही. पण त्याच स्वाध्यायात काय आहे बघा : कारखान्याच्या भेटीसाठी प्रश्नावली तयार करा, कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल, सोबत कोणते साहित्य घ्याल. ज्याची प्रश्नावली एकदा तोलणाऱ्याने उडवून लावली आहे, त्याला ती पाठ करावी लागत नाही. वेळ म्हणाल तर एक सकाळ आणि एक तासिका. तेवढा वेळ आपण गैरहजर शिक्षकांच्या ऑफ तासांना घालवतो.

काठी आणि सावली

ज्यांना फाटकाबाहेर जायचीच परवानगी नाही त्यांच्यासाठी. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो, तेव्हा शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करा. पुण्यात सावली सगळ्यात आखूड होते ती १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास, आणि लांबी भरते साधारण ३३.५ सेंटिमीटर. कागदावर काठी-सावलीचा त्रिकोण काढून काठीच्या टोकापाशी कोनमापक लावा, १८ अंशांच्या थोडं पुढे येईल. तेच पुण्याचं अक्षांश.

बाराला का नाही, हा प्रश्न येणारच. आपलं घड्याळ ८२°३०' रेखावृत्तावर चालतं आणि पुणे ७३°५१' वर आहे. अंशाला चार मिनिटं धरली तर जवळपास ३५ मिनिटांचा फरक पडतो. सप्टेंबरात सूर्य घड्याळाच्या सातेक मिनिटं पुढे असतो, ती वजा करा.

दहावीला भारत-ब्राझील तुलना आहे म्हणून एक जोड : त्याच दिवशी ब्राझीलमधल्या विषुववृत्तावरच्या मकापा शहरात भर दुपारी काठीला सावली जवळजवळ नसते. पुण्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, मेच्या मध्याला येतो तेव्हा शाळेला सुट्टी, आणि जुलैअखेर येतो तेव्हा ढग. आपलं नशीब!

इतिहासवाली बाई, ११ ऑगस्ट

उशिरा लिहितेय, माफ करा. जाऊन आलो!

५४ पैकी ४६ आली. बाकीच्यांत तिघांना सकाळी क्लास होता, दोघी पाण्याची वेळ म्हणून घरी थांबल्या, उरलेले झोपले असावेत. पत्र दिलं होतं, तरी फाटकावर पंधरा मिनिटं गेली. पाऊस भुरभुरत होता आणि सहाही गटांच्या वह्या पहिल्या दहा मिनिटांत ओल्या. पेन्सिल न्यायला सांगायला हवं होतं, शाईचं पार पिठलं झालं.

पाट्यांचा सापळा सरांनी सांगितला तसाच लागला. लसणाच्या गटाने सात गाड्या टिपल्या, त्यातल्या पाच एमएच १२. विचारल्यावर कळलं की माल मध्य प्रदेशातून मोठ्या ट्रकने आला होता आणि रात्री टेम्पोत उतरवला होता. "मग बाई, रेघ कुठून काढायची? ट्रक भरला तिथून की टेम्पो भरला तिथून?" मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं. वर्गात पंधरा मिनिटं भांडण झालं आणि शेवटी पिकला तिथून काढायची असं ठरलं. शेवग्याचा गट मात्र हात हलवत परतला, त्या दिवशी आवकच नव्हती म्हणे. त्यांनी 'आवक नाही' एवढंच लिहून आणलं. मी तेवढ्यावरही खूश आहे.

एक मुलगा आहे, दोन वर्षांत वर्गात मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. वडील तिथेच हमाल. त्या सकाळी सगळे गट त्याच्याभोवती. हुंडेकरी म्हणजे माल वाहून नेण्याचा ठेका घेणारा, पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशोबाचा कागद, त्यातून हमाली-तोलाई कशी वजा होते, हे त्याने आम्हाला शिकवलं. मी ते शब्द दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले तेव्हा त्याने 'हुंडेकरी'तली माझी वेलांटी दुरुस्त केली.

फळ्यावरचा नकाशा वाकडातिकडा झाला. इंदूर मी जवळजवळ गुजरातेत नेलं होतं, तेही त्यांनीच पकडलं. पण कोथिंबिरीच्या आखूड रेघा आणि आग्र्याची ती लांबलचक रेघ बघून पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या घरातला बटाटा माझ्यापेक्षा जास्त फिरलाय." तिने मुंबईसुद्धा पाहिलेली नाही.

अहवाल आलेत, निम्मे वाचून झाले. शुद्धलेखन विचारू नका. एकाने सवयीने गाइड उघडलं असावं, कारण शेवटी लिहिलंय : 'सूर्यास्त दिसला नाही कारण आम्ही सकाळी गेलो होतो.'

निकाल आधी सर, घटक चाचणीत या धड्याचे गुण बरे आहेत, भरघोस वगैरे नाहीत. प्रश्नावलीच्या प्रश्नाला मात्र कोणी कोरं सोडलं नाही.

आता काठीचं मनावर घेतलंय. पी.टी.च्या सरांकडून भालाफेकीचा बांबू मागून ठेवला आहे. मैदान उताराचं आहे, चालेल का? आणि त्या दिवशी ढग असले तर?

काठी आणि सावली

उतारावर नको, सावलीचं माप चुकेल. व्हरांड्यासमोरची फरशी सपाट असेल तर ती घ्या, आधी पाणी ओतून बघा कुठे वाहतं का. बांबू मातीच्या कुंडीत रोवा आणि दोरीला खडा बांधून ओळंबा लावा. ढग असले तर दुसऱ्या दिवशी करा, सेंटिमीटरभराचाही फरक पडत नाही. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी खडूने टोक टिपत राहा, म्हणजे मधे ढग आला तरी सगळ्यात आखूड सावली कुठे होती ते खुणा जोडून काढता येतं.

खडूची धूळ

आणि ज्या मुलाने वेलांटी दुरुस्त केली, त्याच्या हातात खडू द्या.